अक्षर लागते, अर्थ लागत नाही : तंजावरातील मोडी प्रशिक्षणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या इतिहास विभागात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मोडी लिपीचा पायाभूत अभ्यासक्रम आहे. तो चांगल्या गुणांनी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी चार आठवड्यांसाठी एखाद्या दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, किंवा संशोधन संस्थेत पाठवले जाते. बहुतेक जण पुणे, सातारा, कोल्हापूर याच पट्ट्यात जातात. या प्रकरणातल्या विद्यार्थिनीने तंजावर मागितले. तिच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि संबंधित संस्थेचे नावही दिलेले नाही. तिची टिपणवही, आमची फोनवरची बोलणी आणि परतल्यावर झालेल्या बैठका यांवरून हे टिपण तयार केले आहे.

ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेडेगावची. घरी कोरडवाहू शेती, ज्वारी आणि तूर. पुण्यापलीकडचे शहर तिने पाहिलेले नव्हते. पण मोडीवरचा तिचा हात विलक्षण होता. चिटणीशी वळणाचे पेशवेकालीन पत्र समोर ठेवले की ती ते बोलता बोलता वाचत जाई.

तंजावरच का, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मला पटले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. म्हणजे साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावरही काही वर्षे तंजावरात राजाच्या नावाने मोडीत कारभार चालू होता. त्या कारभाराचे हजारोंनी कागद आजही तिथे आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात तेराशेहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठानेही मोडी कागदांवर काम केले आहे. इतके असूनही महाराष्ट्रातून तिकडे जाऊन काम करणारे विद्यार्थी फार थोडे. "आपलेच कागद आहेत आणि आपणच जात नाही," असे ती म्हणाली होती.

पोहोचणे आणि पहिले दिवस

जानेवारीत, पोंगल होऊन गेल्यावर ती निघाली. सोलापूरहून चेन्नई, तिथे सेंट्रलवरून एग्मोरला जाऊन रात्रीची उळवन एक्सप्रेस, आणि सकाळी तंजावर. चेन्नईत एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जाणे हाच तिला प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा वाटला. हिंदी चालेल असे गृहीत धरून ती निघाली होती, आणि रिक्षावाल्याशी बोलताना पहिल्याच वाक्याला ते गृहीत कोसळले.

तिच्या वहीतली पहिली पाने शहराने भरलेली आहेत. गाडीच्या खिडकीतून दिसलेली कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती. सांबा नावाच्या भातहंगामाची कापणी चाललेली आणि रस्त्याच्या एका बाजूला थेट डांबरावर पसरून वाळत घातलेले भात, त्याला वळसा घालून जाणाऱ्या बसगाड्या. ज्वारीच्या रानात वाढलेल्या मुलीने हे बारकाईने पाहिले नसते तरच नवल. गावातल्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही हे तिला कंडक्टरने पैसे परत हातात ठेवल्यावर कळले. बसवरची पाटी तमिळमध्ये, त्यामुळे पहिले काही दिवस ती फक्त आकडा पाहून चढत होती. सकाळी इडली, दुपारी सांबारभात आणि रसमभात, रात्री दहीभात. भाकरीची आठवण तिने तीन ठिकाणी लिहिली आहे.

पहिल्या रविवारी ती बृहदीश्वराच्या देवळात गेली. राजराज चोळाने बांधलेले, १०१० साली पूर्ण झालेले हे देऊळ पाहायला जग येते. तिने मात्र आवारात फिरून भोसले वंशाचा तो मोठा मराठी शिलालेख शोधून काढला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली कोरलेला, देवनागरीतला. आजूबाजूच्या भिंतींवर चोळांचे तमिळ लेख, त्यातले एक अक्षर तिला लागत नाही, आणि इथे ओळीमागून ओळ मराठी. ती बराच वेळ उभी राहून मोठ्याने वाचत होती. शेजारी थांबलेल्या एका कुटुंबाने ही कोणती भाषा म्हणून विचारले, तेव्हा तिला इंग्रजीत चार वाक्येही धड जुळवता आली नाहीत. वहीत त्या संध्याकाळी एवढेच आहे : "अभिमान वाटला आणि रडूही आले."

अडचण

संस्थेत तिला मूळ कागद हाताळण्याची परवानगी लगेच मिळाली नाही. ती मिळायला वेळ लागतो, सगळीकडेच लागतो. तोवर सरफोजीराजांच्या काळातल्या छत्रांच्या हिशेबांच्या छायाप्रती तिला दिल्या गेल्या. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी, विशेषतः रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी, राजघराण्याने चालवलेली अन्नछत्रे आणि धर्मशाळा. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. आमच्या विभागाच्या नियमाप्रमाणे तिने चार आठवड्यांत साठ पानांचे लिप्यंतर, म्हणजे मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवणे, करून द्यायचे होते.

पहिल्या आठवड्यात तिने बावीस पाने केली. वेग उत्तम होता. शुक्रवारी रात्री मात्र तिचा फोन आला. "मॅडम, अक्षर लागतंय, पण अर्थ लागत नाही. काय वाचतेय तेच कळत नाही. परत येऊ का?"

मी तिला दोन पानांचे फोटो पाठवायला सांगितले. लिप्यंतर जवळजवळ निर्दोष होते. पण वाक्यावाक्यात असे शब्द होते की ते पुण्यातल्या कुठल्याही दफ्तरात भेटणार नाहीत. वेली, मा, कुरुवै, आणि चक्रम, पणम ही नाणी. व्याकरण मराठी, क्रियापदे मराठी, "पैकी", "बाब", "तेरीज" सगळे ओळखीचे. आणि ज्या वस्तूचा हिशेब चालला आहे ती वस्तू, तिचे माप, तिचा हंगाम, सगळे तमिळ. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. त्यामुळे अनोळखी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेही ठरवता येत नाही.

सगळ्यात फसवा निघाला तो ओळखीचा वाटणारा शब्द. हिशेबात जागोजागी "कलम" येत होते, पुढे आकडा. आपल्या कागदांत कलम म्हणजे बाब, मुद्दा. तिने तसेच धरले आणि समासात कलम ३, कलम १२ असे क्रमांक टाकत गेली. क्रम लागेना. कलम ३ नंतर १२, मग ५, मग पुन्हा ३.

याच्या जोडीला राहण्याचा प्रश्न होता. तिची खोली नव्या बसस्थानकाच्या बाजूला, शहराबाहेर. संध्याकाळी संस्था बंद झाली की खोलीवर जायचे आणि दार लावून बसायचे. दिवसभरात कुणाशी मोकळे बोलणे नाही. पोटही बिघडलेले होते. परत येण्याचा विचार या सगळ्यातून आला होता. फक्त अभ्यासामुळे ती खचली, किंवा फक्त एकटेपणामुळे खचली, असे म्हणणे दोन्हीकडून चुकीचे ठरेल.

समोरचे पर्याय

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो. तिने वहीत पर्याय लिहून काढले.

पहिला, परत येऊन उरलेली पाने साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या कागदांवर पूर्ण करणे. नियमात बसत होते, साठ पानेही झाली असती. वडिलांचा कल याच बाजूला होता.

दुसरा, चेन्नईला जाऊन तमिळनाडू अभिलेखागारात तंजावरविषयीचे इंग्रजी कागद पाहणे. मोडीचे प्रशिक्षण बाजूला पडले असते आणि आणखी एका अनोळखी शहरात नव्याने सुरुवात करावी लागली असती. हा पर्याय लवकर सुटला.

तिसरा, अर्थाची फिकीर न करता लिप्यंतर चालू ठेवणे. हा मोहाचा पर्याय होता. आमच्या मूल्यमापनात पाने मोजली जातात आणि अक्षरांच्या चुका मोजल्या जातात. अर्थ कळला का हे कुणी विचारत नाही. तिचे अक्षर निर्दोष होते. आरामात साठ पाने झाली असती.

चौथा, वेग सोडायचा. पाने कमी होतील हे मान्य करून शब्दांच्या मागे लागायचे. पण लागायचे कसे? तमिळ येत नाही, आणि संस्थेतल्या मार्गदर्शकांना रोज तासभर देणे शक्य नाही.

चौथ्याची वाट तिलाच सापडली. संस्थेत एक तमिळ संशोधक विद्यार्थी मोडी शिकत होता. त्याला मोडी अक्षरे येत, तंजावरचे मापे-हंगाम तोंडपाठ, पण मराठी अजिबात येत नव्हते. "पैकी" म्हणजे काय हे तो तिला रोज विचारत असे. दोघांचे इंग्रजी यथातथाच. तरी तिच्या लक्षात आले की कागदाचा अर्धा भाग तिच्याकडे आहे आणि अर्धा त्याच्याकडे.

निर्णय आणि पुढची पावले

चौथा पर्याय ठरला, पण त्याआधी दोन गोष्टी उरकणे भाग होते.

एक, राहण्याची जागा. मार्गदर्शकांच्या ओळखीने राजवाड्याजवळच्या जुन्या वस्तीत एका मराठी बोलणाऱ्या कुटुंबात खोली मिळत होती. तंजावरात अशी घरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, लिहिण्या-वाचण्यात तमिळ. तिला जायचे होते. वडिलांना अनोळखी घरात मुलीला ठेवणे पसंत नव्हते. शेवटी त्या कुटुंबातल्या आजी आणि सोलापूरचे वडील फोनवर बोलले. दोघांची मराठी एकमेकांना सुरुवातीला लागेना. आजींच्या बोलण्याला तमिळ हेल, वडिलांची माणदेशी ढब. पाच मिनिटांनी कसे कोण जाणे, दोघे भाताच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलत होते. वडिलांनी फोन ठेवताना "तिथंच राहू दे तिला" म्हटले. माझ्या मते या प्रकरणाचे वळण हे आहे. वाचन, कोश, सहकारी हे सगळे नंतरचे. मुलगी रात्री कुणाशी तरी बोलून झोपू लागली, मग बाकीचे शक्य झाले.

दोन, विभागाची संमती. पानांची अट कमी करावी आणि त्याऐवजी शब्दसूची धरावी, असे पत्र मी विभागप्रमुखांना दिले. उत्तर आले की अट बदलता येणार नाही, शब्दसूची परिशिष्ट म्हणून जोडता येईल, तिला वेगळे गुण नाहीत. मी हे तिला जसेच्या तसे सांगितले. गुण कमी पडतील हे माहीत असताना तिने ठरवले. हा निर्णय तिचा होता, आणि तो दडपणाखाली घेतलेला नव्हता.

त्यानंतरची कामाची पद्धत साधी होती. सकाळी दोघे मिळून एक पान वाचत. ती मोठ्याने वाचे, तो अडखळलेल्या शब्दावर थांबवे. दुपारी ती एकटी लिप्यंतर करी. संध्याकाळी सुटत नसलेले शब्द घेऊन शहरात.

"कलम"चा उलगडा असाच झाला, आणि त्याची सुरुवात तिच्या निरीक्षणातून झाली हे मला महत्त्वाचे वाटते. कलमाच्या आकड्यानंतर बहुतेक वेळा दुसरा एक शब्द आणि दुसरा आकडा येत होता. तिने सगळ्या पानांतले हे दुसरे आकडे एका कागदावर उतरवले. एकही अकराच्या वर जात नव्हता. जुन्या हिशेबात आणे कधी पंधराच्या वर जात नाहीत, सोळा झाले की रुपया होतो, हे तिला माहीत होते. म्हणजे इथे बाराला काहीतरी पुरे होत असणार. दुसऱ्या दिवशी तिने सहकाऱ्याला विचारले, बारा कशाचे काय होते? तो लगेच म्हणाला, बारा मरकालांचा एक कलम. धान्याचे माप. आपल्याकडे खंडी-मण-पायली, तसे.

त्या रात्री आजींनी माळ्यावरून जुने मरकाल काढून दाखवले. लाकडी, पितळी पट्ट्या ठोकलेले, आतली बाजू भात भरून भरून गुळगुळीत झालेली. वहीत त्याचे चित्र आहे. समासात टाकलेले सगळे क्रमांक तिने खोडले आणि बावीसच्या बावीस पाने पुन्हा तपासली. जे कागद मुद्देवार आज्ञापत्रे वाटत होते, ते कोठारातून रोज किती तांदूळ निघाला याचे हिशेब निघाले. एकाच छत्रात कोणत्या दिवशी किती माणसे जेवली असतील याचा अदमास त्यावरून बांधता येऊ लागला.

पुढे जमिनीची मापे लागली. वीस मा म्हणजे एक वेली, वेली सुमारे पावणेसात एकरांची. हंगामांसाठी तिला पुस्तक लागलेच नाही. कुरुवै आधीचे पीक, सांबा लांब मुदतीचे, ताळडी कुरुवैनंतरचे, हे तिला बाजारातल्या तांदळाच्या दुकानदाराने आणि आजींनी सांगितले. शेतकऱ्याच्या मुलीला पिकाविषयी काय विचारायचे ते बरोबर कळत होते. एका सुट्टीच्या दिवशी ती आणि सहकारी त्याच्या बहिणीसह ओरत्तनाडूला बसने जाऊन छत्राची इमारत पाहून आले. कोठाराची जागा कुठे असेल यावर दोघांचा वाद झाला. तो वहीत दोन्ही बाजूंनी नोंदवला आहे.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मूळ कागद पाहायची परवानगी मिळाली. छायाप्रतीत शाई पुसट दिसल्याने वाचायचे राहून गेलेले काही शब्द मूळ कागदावर उजेडात लख्ख होते.

निष्पत्ती

साठांऐवजी एकेचाळीस पाने झाली. शब्दसूचीत सुमारे दीडशे शब्द, प्रत्येकापुढे तो कोणत्या पानात आला, अर्थ कुणी सांगितला आणि दुसऱ्या कुठल्या आधाराने पडताळला याची नोंद. तीन संक्षेप शेवटपर्यंत सुटले नाहीत. ते तिने "लागले नाहीत" असे स्वच्छ लिहून ठेवले.

गुण अपेक्षेप्रमाणे कमी पडले. साताऱ्यात काम केलेल्या वर्गमित्राला तिच्यापेक्षा जास्त मिळाले. बाह्य परीक्षकांनी शब्दसूचीचे तोंडभरून कौतुक केले आणि नियमाप्रमाणे पानांचे गुण कापले. मला हे अन्यायाचे वाटते. पण परीक्षकांचेही एक म्हणणे आहे आणि ते टाकाऊ नाही : लिपीच्या प्रशिक्षणात हात वळणे महत्त्वाचे, आणि हात पानांच्या संख्येनेच वळतो. ती जर कच्ची वाचक असती तर मीही कदाचित हेच म्हटले असते.

संस्थेतल्या मार्गदर्शकांनी शब्दसूचीची प्रत ठेवून घेतली. तमिळ सहकारी आता अडलेले मराठी शब्द तिला व्हॉट्सॲपवर पाठवतो, ती त्याला तमिळ. तिने तमिळ अक्षरे लिहायला-वाचायला शिकून घेतली. पीएच.डी.साठी छत्रांचे हिशेब हाच विषय घ्यायचा तिचा विचार पक्का होत आहे.

पुन्हा करायचे झाले तर

परवानगीचा अर्ज निघण्याच्या किमान दोन महिने आधी जायला हवा, हे उघड आहे. त्यावर वेगळे बोलायला नको.

राहण्याची जागा आधी ठरवताना भाडे पाहिले गेले, अंतर पाहिले गेले नाही. चार आठवड्यांच्या मुक्कामात संध्याकाळचे तीन तास माणसात जाणार की बंद खोलीत, यावर पुष्कळ काही ठरते. मुलींच्या बाबतीत अधिक. शक्यतो जुन्या वस्तीत, चालत जाता येईल अशा ठिकाणी सोय करावी.

तमिळ अक्षरे जाण्याआधी शिकता आली असती. महिनाभर रोज अर्धा तास दिला असता तर बसची पाटी आणि दुकानाचा फलक वाचण्यापुरती ओळख झाली असती. ती बोलू शकली नसती, पण शहर मुके राहिले नसते.

खरा प्रश्न आमच्या मोजमापाचा आहे. पेशवे दफ्तरातला कागद आणि तंजावरचा कागद एकाच लिपीत असले तरी एकाच तागडीत तोलता येत नाहीत. पुण्यात विद्यार्थ्याला शब्द घरातूनच मिळालेले असतात. पायली, शेर, परसू, ओटा हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. तंजावरात ते शब्द बाजारात, कोठारात, कुणाच्या माळ्यावर असतात, आणि तिथपर्यंत चालत जायला वेळ लागतो. तो वेळ प्रशिक्षणाचाच भाग धरला पाहिजे. नाहीतर विद्यार्थी तिसरा पर्याय निवडणार, आणि आपल्याकडे निर्दोष अक्षरातली, कुणालाच न कळलेली पाने जमा होत राहणार.

तिने स्वतः एक गोष्ट वेगळी केली असती असे सांगितले. दुसरे आकडे अकराच्या वर जात नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच दिसू शकले असते. वेगात असल्यामुळे पाहायचे सुचले नाही. दर पाच पानांनंतर थांबून आकड्यांचा तक्ता करायचा, ही सवय तिने आता लावून घेतली आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ती तोच तक्ता करायला लावते.

विभागाच्या पुढच्या बैठकीसाठी प्रस्ताव दिला आहे : महाराष्ट्राबाहेरच्या दफ्तरासाठी पानांची अट चाळीसवर आणावी, पडताळलेल्या शब्दसूचीला वीस गुण असावेत, आणि शक्य असेल तिथे स्थानिक संशोधकाबरोबर जोडीने काम करण्याची मुभा लेखी असावी. पहिल्या मुद्द्याला विरोध आहे, तिसऱ्याला नाही. दुसऱ्यावर परीक्षकांचे मत मागवले आहे.